इंग्रजी 'सिमिली'चे आकलन आणि मराठी अलंकारविचार : अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'च्या विशेष संदर्भात

सारांश : पदवी स्तरावर इंग्रजी 'सिमिली' हा घटक बहुधा व्याख्या आणि तयार उपमांची यादी या स्वरूपात शिकविला जातो. मराठी वाचकाची खरी अडचण उपमेच्या व्याकरणिक रूपात नसून उपमानाच्या अपरिचित विश्वात आणि अनुक्त साधारण धर्मात आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. ही अडचण ओळखण्यासाठी भारतीय अलंकारशास्त्रातील उपमाविचार अधिक उपयुक्त ठरतो. अरुण कोलटकर यांच्या इंग्रजी 'जेजुरी'तील निवडक कवितांच्या आधारे या साधनाची परीक्षा केली आहे.

१. प्रस्तावना

नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेली रामटेकची टेकडी म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरी होय, हे मत नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. या टेकडीवरच्या विरही यक्षाला आषाढाच्या आरंभी जो मेघ दिसतो, त्याला कालिदासाने तटावर धडक देण्याची क्रीडा करणाऱ्या हत्तीची उपमा दिली आहे. मेघाचा रंग, त्याचा विस्तार आणि डोंगराला बिलगण्याची त्याची रीत अशा तीन गोष्टी या एका उपमेत सामावतात. पुढे हाच मेघ यक्षाचा बंधू होतो, दूत होतो. या काव्यात त्याला एकटेपण नाही. बलाका त्याच्या सोबतीला आहेत, नद्या त्याच्या प्रतीक्षेत आहेत.

याच परिसरातील महाविद्यालयात इंग्रजी साहित्याच्या तासाला विद्यार्थी वर्ड्स्वर्थची १८०७ साली प्रसिद्ध झालेली डॅफोडिल्सवरील कविता वाचतो. त्या कवितेतील निवेदक स्वतःच्या एकाकी भटकंतीला ढगाची उपमा देतो. 'लोनली' हा शब्द सोपा आहे, 'क्लाउड' हाही सोपा आहे. तरीही ढग एकटा कसा, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो किंवा, अधिक वेळा, उभाच राहत नाही. विदर्भातील आषाढात ढग एकटा येत नाही. तो दळाने येतो, आणि त्याच्या येण्याशी पेरणीची चिंता व आनंद जोडलेला असतो. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात दऱ्याडोंगरांवरून उंच, निरुद्देश तरंगणारा एखादा ढग हे वर्ड्स्वर्थचे उपमान आहे. दोन्हीकडे मेघच आहे. परंतु एका मेघाचा धर्म सख्य आणि दुसऱ्याचा धर्म एकाकीपण आहे. शब्दार्थ कळूनही उपमा कळलेली नसते, ती अशा ठिकाणी.

इंग्रजीतील उपमा समजणे आणि इंग्रजीत उपमा योजणे या दोन्ही क्रियांचा विचार या दृष्टीने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम उपमेच्या अंगांचा, नंतर रूढ उपमांच्या अध्यापनाचा आणि शेवटी एका द्वैभाषिक कवीच्या इंग्रजी काव्याचा परामर्श घेतला आहे.

२. उपमेची चार अंगे आणि इंग्रजी संज्ञा

उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगे मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला शालेय व्याकरणातूनच परिचित झालेली असतात. इंग्रजी समीक्षेत या अंगांना स्वतंत्र नावे मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ च्या 'द फिलॉसॉफी ऑफ रेटरिक' या ग्रंथात रूपकाच्या चर्चेसाठी 'टेनर' आणि 'व्हेइकल' या संज्ञा रूढ केल्या. दोहोंतील साम्याच्या आधाराला 'ग्राउंड' म्हटले जाते. स्थूलमानाने उपमेय, उपमान आणि साधारण धर्म यांच्याशी त्यांचा मेळ बसतो.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त भेद कायम असताना असलेले साधर्म्य म्हणजे उपमा, असे लक्षण केले आहे. त्यातील 'भेद' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वस्तू पुरेशा वेगळ्या असल्याखेरीज उपमा संभवत नाही. एका आंब्याची दुसऱ्या आंब्याशी केलेली तुलना ही तुलना असेल, पण अलंकार नसेल. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत 'लाइक' किंवा 'ॲज' आले की सिमिली, असे सांगितले जाते आणि त्यामुळे 'शी सिंग्ज लाइक हर मदर' हेही वाक्य विद्यार्थी अलंकाराचे उदाहरण म्हणून देतो. मम्मटाचे लक्षण ध्यानात असेल तर ही चूक होत नाही.

चारही अंगे शब्दांनी सांगितलेली उपमा ती पूर्णोपमा आणि एखादे अंग गाळलेले असल्यास ती लुप्तोपमा. इंग्रजी उपमेच्या दोन प्रमुख रचनांचा उलगडा या भेदाने होतो. 'ॲज... ॲज' या रचनेत साधारण धर्म सांगितलेला असतो. दोन 'ॲज'च्या मधला शब्द म्हणजेच धर्म. 'लाइक'च्या रचनेत तो बहुधा लुप्त असतो. परिणामी पहिल्या प्रकारात वाचकाला फक्त पडताळा घ्यावा लागतो, तर दुसऱ्यात शोध घ्यावा लागतो. टी. एस. एलियट यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रुफ्रॉकच्या कवितेत सायंकाळची तुलना शस्त्रक्रियेच्या टेबलावर गुंगीत पडलेल्या रुग्णाशी केली, तेव्हा धर्म सांगितला नाही. निश्चेष्टता, परस्वाधीनता, औषधाचा जडपणा यांपैकी कोणता, हे वाचकाने ठरवायचे आहे. आणि जी सायंकाळ ज्याला दिसते, ती त्याच्याच मनाची आहे, हेही त्यानेच ओळखायचे आहे.

साम्यवाचक शब्दांबाबत मात्र सावधगिरी हवी. मराठी शालेय व्याकरण 'जणू', 'जणू काही', 'भासे', 'वाटे' हे शब्द उत्प्रेक्षेची खूण मानते. इंग्रजी पाठ्यपुस्तके 'ॲज इफ' आणि 'ॲज दो' यांची गणना सिमिलीतच करतात. विद्यार्थी एकच वाक्य मराठीच्या उत्तरपत्रिकेत उत्प्रेक्षा म्हणून आणि इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत सिमिली म्हणून लिहितो, आणि दोन्हीकडे त्याला गुण मिळतात. दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हा भेद एकदा उघड सांगितला, तर संभावना आणि साम्य यांतील फरक त्याच्या लक्षात कायमचा राहील.

दुसरा मुद्दा लिंगाचा. भामहाने मेधावीच्या मताचा उल्लेख करून उपमेचे सात दोष सांगितले आहेत. त्यांत हीनता, असंभव, लिंगभेद, वचनभेद, विपर्यय, उपमानाधिक्य आणि असादृश्य यांचा समावेश होतो. यांतील लिंगभेदाचा दोष आजच्या मराठीतही जिवंत आहे. तो वाघासारखा लढला. ती मात्र वाघिणीसारखी लढली. मराठीत 'सारखा' हा शब्द उपमेयाचे लिंग धारण करतो आणि उपमानही बहुधा त्यामागे जाते. इंग्रजीत 'लाइक' निर्विकार आहे. स्त्री 'लाइक अ टायगर' लढली, असे लिहिण्यात काहीच वावगे नाही. मराठी लेखकाच्या लेखणीत तेथे आपोआप 'टायग्रेस' येते. दंडीने रसिकांना उद्वेग होत नसेल तर लिंगवचनाचा भेद हा दोष नव्हे, असा उदार निर्णय दिला होता. इंग्रजीने जणू दंडीचाच पक्ष स्वीकारला आहे.

३. रूढ उपमा आणि यादीचे अध्यापन

इंग्रजीत रूढ उपमांचे मोठे भांडार आहे. 'ॲज व्हाइट ॲज स्नो', 'ॲज बिझी ॲज अ बी', 'ॲज कूल ॲज अ कुकुंबर', 'ॲज फिट ॲज अ फिडल' अशा उपमा व्याकरणाच्या पुस्तकांत दोन स्तंभांत दिलेल्या असतात आणि विद्यार्थी त्या जोड्या लावून पाठ करतो. या पद्धतीवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, या उपमांपैकी कित्येकांत साधर्म्य आता उरलेलेच नाही. पुष्कळदा 'फिट' आणि 'फिडल' यांना एकत्र ठेवणारी गोष्ट अनुप्रास ही आहे. 'ॲज डेड ॲज अ डोअरनेल' या उपमेविषयी तर डिकन्सनेच १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'च्या आरंभी विनोद केला आहे. दाराच्या खिळ्यात विशेष मृत असे काय आहे हे आपणास ठाऊक नाही, शवपेटीचा खिळा त्याहून अधिक मृत म्हणता येईल, परंतु उपमेत पूर्वजांचे शहाणपण असल्याने आपण तिला हात लावणार नाही, असा त्याचा भावार्थ आहे. अशी उपमा हा वाक्प्रचार असतो आणि तो वाक्प्रचार म्हणूनच शिकवावा. तिच्यात साधारण धर्म शोधण्यास विद्यार्थ्याला सांगणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप संकेतांचा. काही उपमानांचे धर्म दोन संस्कृतींत परस्परविरोधी आहेत. ग्रीक देवता अथीनाच्या सोबतीमुळे घुबड युरोपीय परंपरेत शहाणपणाचे चिन्ह झाले. मराठी घरात ते अशुभाची सूचना देते. 'गजगामिनी' हा शब्द मराठी-संस्कृत परंपरेत स्त्रीच्या डौलदार चालीचा गौरव करतो, तर इंग्रजीत एखादीच्या चालीला हत्तीची उपमा दिली तर तो अपमान होईल. काकडीची उपमा मात्र सहज उमगते. काकडीचा थंडपणा विदर्भातील उन्हाळ्यात कुणालाही सांगावा लागत नाही, आणि 'थंड डोक्याने' या मराठी प्रयोगात इंग्रजी 'कूल'मधील श्लेष जवळपास जसाच्या तसा आहे. कोणती उपमा सोबत येते आणि कोणती उलटते, हे यादीतून कळत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यादी पाठ झाली की पाहणे थांबते. विदर्भ हा कापसाचा प्रदेश आहे. बोंडे फुटल्यावर पांढरे होणारे शेत, बाजारात उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्या हे या भागातील विद्यार्थ्याचे पाहिलेले, हाताळलेले शुभ्रतेचे उपमान आहे. तोच विद्यार्थी इंग्रजी निबंधात कापसाच्या शेताचे वर्णन करताना 'ॲज व्हाइट ॲज स्नो' असे लिहितो. बहुधा बर्फ त्याने प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. येथे ज्ञात वस्तू अज्ञाताच्या साहाय्याने सांगितली गेली आहे. उपमान हे उपमेयाहून अधिक प्रसिद्ध असावे, हा संकेत त्यात उलटा होतो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष असते आणि परीक्षक त्यावर खूण करीत नाही. परंतु त्या विद्यार्थ्याला इंग्रजी भाषेत स्वतःचे शेत पाहण्याची संधी होती, ती त्याने गमावलेली असते.

४. नाकारलेली उपमा : एक उदाहरण

उपमानाची भूमी ठाऊक नसल्यास प्रसिद्ध कवितेचेही आकलन कसे उलटे होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून १६०९ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताकडे पाहता येईल. प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करावी काय, असा प्रश्न त्याच्या आरंभी आहे. मे महिन्यात ४५ अंशांचा पारा अनुभवणाऱ्या नागपूरकर वाचकाला ही स्तुती आहे की तक्रार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इंग्लंडचा उन्हाळा अल्प, हवाहवासा आणि प्रकाशाचा असतो, हे सांगून अध्यापक ही अडचण दूर करतात. परंतु स्पष्टीकरण तेथे थांबले तर कवितेचे मर्म हातून निसटते.

या सुनीतात उपमा मांडून ती नाकारली आहे. उन्हाळा क्षणिक आहे, कधी अतिउष्ण तर कधी झाकोळलेला आहे. प्रिय व्यक्ती त्याहून सरस आहे. उपमेय उपमानाहून श्रेष्ठ ठरविणे म्हणजे आपला व्यतिरेक अलंकार. शंभर तिसाव्या सुनीतात हाच कवी प्रेयसीच्या वर्णनासाठी रूढ झालेली सूर्य, पोवळे, हिम, गुलाब ही उपमाने एकेक करून बाजूला सारतो. तेथे उपमेय उपमानाहून उणे असल्याचे प्रांजळपणे सांगितले आहे आणि त्या प्रांजळपणातच प्रेमाची ग्वाही आहे. 'सिमिली' या एकाच शीर्षकाखाली ही दोन सुनीते बसविली तर दोहोंतील फरक दिसत नाही. व्यतिरेकाची ओळख असलेल्या मराठी वाचकाला तो चटकन दिसतो. उपमा ही काव्याच्या रंगमंचावर निरनिराळ्या भूमिका घेऊन नाचणारी एकच नटी आहे, असे अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त म्हटले आहे. इंग्रजी काव्याच्या रंगमंचावरही ती भूमिका बदलत असते.

५. 'जेजुरी' : मराठी उपमेय, इंग्रजी उपमा

आतापर्यंतच्या उदाहरणांत इंग्रजी कवीची उपमा मराठी वाचक समजून घेत होता. मराठी कवी स्वतः इंग्रजीत उपमा योजतो तेव्हा काय घडते, हे पाहण्यासाठी अरुण कोलटकर यांच्या 'जेजुरी'इतके योग्य उदाहरण नाही. १९७६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आणि १९७७ चे राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळविणाऱ्या या संग्रहाचे उपमेय पूर्णपणे मराठी आहे. खंडोबाचे देवस्थान, पुजारी, वाघ्या-मुरळी, पडकी देवळे आणि एस. टी. बस यांतूनच तो उभा राहतो. भाषा मात्र इंग्रजी आहे. तेव्हा उपमाने कोठून आणली, हा प्रश्न या संग्रहापुरता कळीचा ठरतो.

'द डोअर' या कवितेत एका बिजागरीवर लोंबकळणारा जुना अवजड दरवाजा आहे. कवीने त्याला प्रथम क्रुसावरून अर्धवट उतरविलेल्या प्रेषिताचे रूप दिले आहे. नंतर लाकडावर उठून दिसणाऱ्या रेषांना काळाबरोबर अधिक धारदार होत जाणाऱ्या आठवणीची उपमा येते. येथे मूर्त उपमेयाला अमूर्त उपमान लाभले आहे. त्याच रेषा पुढे शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातील, कातडी सोललेल्या मानवाकृतीइतक्या स्पष्ट ठरतात. तो सोललेला माणूस पुस्तकात परतण्याची वाट चुकला आहे आणि गावातल्या दारुड्यासारखा नशा उतरेपर्यंत दाराला टेकून उभा आहे. शेवटी कवी म्हणतो की, त्याच्या खांद्यावर कुणाची तरी चड्डी वाळत घातलेली नसती, तर दरवाजा केव्हाच चालता झाला असता.

एका उपमेयाला अनेक उपमाने देणारी मालोपमा मराठी वाचकाला 'ज्ञानेश्वरी'पासून परिचित आहे. परंतु येथील माळेची ओवणी वेगळी आहे. दरवाजाचे उपमान झालेला सोललेला माणूस हाच पुढील उपमेचे उपमेय होतो. ही साखळी रशनोपमेची आठवण करून देते, फक्त तिची दिशा उलटी आहे. त्याहून लक्षणीय आहे तो उपमानांचा प्रवास. पहिले उपमान ख्रिस्ती चित्रकलेतून आलेले आहे, मधले वैद्यकाच्या पुस्तकातून आणि त्यानंतरचे गावातल्या गुत्त्यावरून. अखेरीस उपमान संपते आणि उरते ती वाळत घातलेली चड्डी. ती दारावर प्रत्यक्षच आहे. दूरच्या संस्कृतीपासून सुरू झालेली दृष्टी पायरी पायरीने त्या दारापर्यंत येऊन पोहोचते.

'ॲन ओल्ड वुमन' ही कविता उपमेच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. पन्नास पैशांसाठी यात्रेकरूची बाही धरून मागे लागणारी म्हातारी हा तिचा विषय आहे. आरंभी ती कपड्याला चिकटणाऱ्या काटेरी फळासारखी चिकटते, असे म्हटले आहे. हे उपमान इंग्रजीत जुने आणि रूढ आहे, आणि म्हाताऱ्या कशा असतात हे तुम्हाला ठाऊकच आहे, अशा सुरात ते येते. हा यादीतील उपमेचा सूर आहे. यात्रेकरूने म्हातारीला अद्याप पाहिलेलेच नाही. तिच्याविषयी तयार असलेले वाक्य त्याने वापरले आहे. पुढे तो वळून तिच्याकडे पाहतो, तेव्हा तिच्या डोळ्यांच्या जागी बंदुकीच्या गोळीची भोके आणि त्यांतून पलीकडचे आकाश दिसते. या ठिकाणी रूढ उपमा गळून पडते आणि पाहिलेली प्रतिमा तिची जागा घेते. म्हातारीच्या डोळ्यांभोवतीच्या भेगा टेकड्यांना आणि देवळांना जातात, आकाश काचेसारखे कोसळते, आणि ती एकटी अभंग उभी राहते. शेवटच्या ओळींत उपमेयच बदलले आहे. ज्याची तुलना करायची तो आता यात्रेकरू आहे आणि त्याची किंमत तिच्या हातातल्या सुट्या नाण्यांएवढी उरली आहे. रूढ उपमा आणि पाहिलेली उपमा यांतील अंतर दाखविण्यासाठी याहून चांगला पाठ सापडणे कठीण आहे.

आणखी दोन नमुने केवळ नोंदविण्याजोगे आहेत. 'द डोअरस्टेप' या छोट्या कवितेत पायरी वाटणारी वस्तू पायरी नसून आडवा पडलेला खांब आहे, असे सांगितले आहे. 'मनोहर'मध्ये देऊळ समजून आत डोकावणाऱ्याला वासरू दिसते आणि ते देऊळ नसून गोठा असल्याचे कळते. दुसरी रचना उघडच भ्रान्तिमान अलंकाराची आहे. पहिलीचे नाते दंडीने बत्तीस उपमाभेदांत गणलेल्या तत्त्वाख्यानोपमेशी जोडता येते. हे कमळ नव्हे, मुख आहे, अशी तिची धाटणी असते. दंडी ज्या रचनेने मुखाचे सौंदर्य वाढवितो, तीच रचना कोलटकर पडझडीची नोंद करण्यासाठी वापरतात. 'द बटरफ्लाय' या कवितेत फुलपाखराच्या दुभंग आकाराचा संबंध क्षणाशी जोडला आहे, तो इंग्रजीतील 'स्प्लिट सेकंड' या शब्दप्रयोगाच्या बळावर. ही श्लेषोपमा आहे. तिचा साधारण धर्म वस्तूत नसून इंग्रजी भाषेतच आहे. म्हणूनच तिचे मराठी भाषांतर होऊ शकत नाही, तिचे मराठीत केवळ विवरण होऊ शकते.

६. एक आक्षेप आणि त्याचा विचार

भालचंद्र नेमाडे यांनी भारतीयांच्या इंग्रजी लेखनाविषयी चर्चा करताना 'जेजुरी'तील दृष्टी ही मुंबईहून सुटीपुरत्या आलेल्या प्रवाशाची आहे, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नाही. ज्या दैवताचा कुळाचार महाराष्ट्रातील असंख्य घरांत चालतो, त्याच्या क्षेत्राला क्रूस आणि शरीरशास्त्राची पुस्तके ही उपमाने का द्यावीत, असा प्रश्न भक्ताच्या बाजूने विचारता येतो. 'द प्रीस्ट' या कवितेत पुजाऱ्यासमोर येऊन थांबलेली बस दातांत जिवंत यात्रेकरू धरलेल्या मांजरासारखी दिसते आणि रेल्वे स्थानकावरील कवितेत तेथील सूचक रंग उडालेल्या लाकडी संतासारखा दिसतो. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही हीनोपमा होय. भामहाच्या यादीत तिची गणना दोषांत आहे.

तथापि, दोष आणि प्रयोजन यांचा निर्णय संदर्भाने करावा लागतो. दंडीने निंदोपमेलाही उपमेच्या प्रकारांत स्थान दिले आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय या संग्रहात हीन उपमान केवळ देवस्थानाच्या वाट्याला येत नाही. 'ॲन ओल्ड वुमन'मध्ये पाहणाराच चिल्लर ठरतो, आणि आरंभीच्या 'द बस'मध्ये म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या काचांत त्याला स्वतःचाच दुभंगलेला चेहरा दिसतो. निवेदक बाहेरचा आहे, हे कविता लपवीत नाही. उपमांच्या साहाय्याने ती त्या बाहेरपणाचे मोजमाप करते. या अर्थाने नेमाडे यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यातून निघणारा निर्णय पुरेसा नाही. प्रवाशाची नजर हा या संग्रहाचा दोष मानण्यापूर्वी ती त्याचा विषय आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते. उपमांचे वर दिलेले विश्लेषण दुसऱ्या शक्यतेकडे निर्देश करते.

मात्र या विश्लेषणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाघ्या-मुरळीच्या जगण्यात जी उपमाने आहेत, भंडाऱ्याच्या पिवळेपणाला ती भक्ती ज्या वस्तूंची जोड देते, त्यांपैकी फार थोडी या संग्रहाच्या इंग्रजीत उतरली आहेत. कोलटकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या मराठी 'जेजुरी'शी या दृष्टीने केलेला तौलनिक अभ्यास फलदायी ठरेल.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनातून वर्गासाठी काही व्यवहार्य सूचना संभवतात. कोणतीही इंग्रजी उपमा आली की विद्यार्थ्याने तिची चार अंगे मराठीत मांडावीत आणि लुप्त अंग कोणते, ते सांगावे. साधारण धर्म लुप्त असेल तर किमान दोन शक्यता सुचवाव्यात आणि संदर्भाने एकीची निवड करावी. रूढ उपमा आणि नवी उपमा यांचे वर्गीकरण प्रथमच करावे. पहिलीचा अर्थ द्यावा, दुसरीचा शोध घ्यावा. लेखनाच्या तासाला तयार उपमा टाळून विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेली उपमाने इंग्रजीत आणावीत. कापूस, संत्र्याची बाग, लू, पोळ्याचा बैल यांना इंग्रजीत प्रवेश नाही, असा कोणताही नियम नाही. इंग्रजी वाचकाला अपरिचित उपमान देताना साधारण धर्म उघड सांगावा, म्हणजेच पूर्णोपमा वापरावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

या कामासाठी नागपुरात साधनांची उणीव नाही. ग. त्र्यं. देशपांडे यांचा 'भारतीय साहित्यशास्त्र' हा ग्रंथ याच विद्यापरंपरेतून आला आणि रामटेक येथे १९९७ पासून कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ कार्यरत आहे. इंग्रजी, मराठी आणि संस्कृत विभागांनी 'उपमा' हा एक घटक एकत्र शिकविल्यास तिन्ही विषयांना लाभ होईल.

८. निष्कर्ष

(१) इंग्रजी उपमेच्या आकलनातील मुख्य अडचण उपमानाच्या विश्वाशी आणि अनुक्त साधारण धर्माशी निगडित आहे. साम्यवाचक शब्द ओळखता येणे म्हणजे आकलन नव्हे.

(२) पूर्णोपमा, लुप्तोपमा, व्यतिरेक, भ्रान्तिमान, श्लेषोपमा आदी संज्ञांच्या साहाय्याने, 'सिमिली' या एकाच संज्ञेखाली झाकले जाणारे भेद स्पष्ट होतात.

(३) रूढ उपमांची यादी वाक्प्रचार म्हणून उपयुक्त आहे. लेखनाचे साधन म्हणून ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निरीक्षणाची जागा घेते.

(४) 'जेजुरी'तील उपमा परकी उपमाने स्वीकारतात, परंतु त्यांचा रोख दूरच्या उपमानाकडून समोरच्या वस्तूकडे आहे.

या चौथ्या निष्कर्षाला संग्रहाच्या शेवटाचा आधार मिळतो. रेल्वे स्थानकावरील अखेरच्या कवितेत रुळांच्या टोकाशी मावळता सूर्य दिसतो, आणि त्याला चाकाएवढा मोठा असे म्हटले आहे. आकार हा धर्म तेथे शब्दांनी सांगितला आहे. शाळेच्या व्याकरणात शोभेल अशी ती साधी पूर्णोपमा आहे. एवढ्या वक्र उपमांनंतर कवी तेथे येऊन पोहोचला आहे. विद्यार्थ्याला त्या साधेपणाची किंमत कळण्यासाठी मधला प्रवास त्याच्याकडून करवून घेणे, हे अध्यापकाचे काम आहे.